‘अजाइल’चे लक्षण : एका व्याख्येची चिकित्सा

१

पारिभाषिक शब्द तज्ज्ञांच्या बैठकीतून बाजारात आला की त्याच्या अर्थाला दोन धोके संभवतात. एक तर तो इतका पसरट होतो की कोणत्याही स्तुत्य गोष्टीला तो लावता यावा. किंवा त्यामागील विचार गळून पडतो आणि त्याभोवतीचे विधी तेवढे शिल्लक राहतात. सॉफ्टवेअरनिर्मितीच्या क्षेत्रातील ‘अजाइल’ हा शब्द गेल्या पाव शतकात या दोन्ही धोक्यांतून गेलेला आहे. नोकरीच्या जाहिरातींत तो आढळतो, निविदांत आढळतो, व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत आढळतो. आणि तरीही ‘अजाइल म्हणजे काय?’ असा सरळ प्रश्न केला असता मिळणारी उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. काम झपाट्याने उरकण्याची ती पद्धत होय, असे एक जण सांगतो. रोज ठरल्या वेळी उभ्याने घ्यावयाची पंधरा मिनिटांची सभा म्हणजे अजाइल, असे दुसरा सांगतो. आराखडा आणि कागदपत्रे यांना दिलेली रजा म्हणजे अजाइल, अशी तिसऱ्याची समजूत असते.

हा वाद केवळ शब्दाचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु येथे व्याख्येवर बरेच काही अवलंबून आहे. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांचा समुच्चय. आज रुग्णालयाची नोंद, विद्यापीठाचा निकाल, पोलिसांचे दप्तर आणि निवृत्तिवेतन ही सारी या आज्ञांवर चालतात. त्या कोणत्या रीतीने लिहिल्या जातात यावर सार्वजनिक पैशाचा विनियोग आणि लिहिणाऱ्यांच्या रोजच्या कामाचे स्वरूप ही दोन्ही ठरतात. म्हणूनच ‘अजाइल’चे सोपे आणि तरीही निर्दोष लक्षण करता येते काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे. सोपे लक्षण म्हणजे ढोबळ लक्षण नव्हे, ही गोष्ट या विचारात प्रारंभीच गृहीत धरावी लागते.

२

या शब्दाचा मूळ आधार म्हणजे इ. स. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटासा जाहीरनामा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या ११ ते १३ या तारखांना अमेरिकेतील यूटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फाच्छादित पर्वतावरील विश्रामस्थानी सतरा जण एकत्र जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, ॲलिस्टर कॉबर्न, जिम हायस्मिथ, केन श्वेबर, जेफ सदरलंड ही त्यांतील काही नावे. यांपैकी बहुतेकांनी आधीच्या दशकात आपापली कार्यपद्धती स्वतंत्रपणे बसविली होती. श्वेबर व सदरलंड यांनी १९९५ मध्ये ‘स्क्रम’ विद्वत्परिषदेपुढे मांडली होती. बेक यांचे ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’वरील पुस्तक १९९९ मध्ये निघाले होते. तोपर्यंत अशा सर्व पद्धतींना इंग्रजीत ‘हलक्या’ पद्धती म्हणत. ‘हलके’ या शब्दाला जसा मराठीत तसा इंग्रजीतही कमी प्रतीचा असा वास येतो. तो त्या मंडळींना रुचत नव्हता, आणि म्हणून ‘अजाइल’ हे नाव पसंत करण्यात आले.

हा सारा खटाटोप कशाच्या विरोधात होता हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ नीट लागत नाही. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या वाढत्या पसाऱ्याची आणि कोलमडणाऱ्या वेळापत्रकांची गंभीर चर्चा झाली होती. यावर उपाय म्हणून जी रीत पुढे रूढ झाली ती इमारतीच्या बांधकामासारखी होती. प्रथम सर्व गरजा लिहून काढाव्यात, मग संपूर्ण नकाशा करावा, मग आज्ञा लिहाव्यात, शेवटी तपासणी करावी. पाणी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पडावे आणि मागे फिरू नये, तसे हे टप्पे. म्हणून तिला ‘धबधबा’ असे नाव पडले.

या रीतीच्या इतिहासात पाठचिकित्सकाला रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. तिचा उगम म्हणून विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधाचा उल्लेख सर्रास होतो. त्या निबंधात पायऱ्यांची आकृती आहे हे खरे. परंतु ‘धबधबा’ हा शब्द त्यात नाही, आणि त्या आकृतीप्रमाणे सरळ काम करणे धोक्याचे आहे असेच रॉइस यांनी आकृतीनंतर लगेच म्हटले आहे. तपासणी अगदी शेवटी येत असल्यामुळे मूलगामी चुका तेव्हाच उघड होतात, हे त्यांचे कारण. नवीन प्रकारचे सॉफ्टवेअर असेल तर ते दोनदा करावे आणि पहिल्यापासून शिकून दुसरे द्यावे, अशी त्यांची सूचना होती. वाचकांनी आकृती घेतली आणि आकृतीखालचा मजकूर सोडून दिला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये घालून दिलेल्या मानकाचा ओढाही अशा क्रमबद्ध रीतीकडेच होता. मूळ लेखाचा आशय आणि त्याची परंपरा यांत पडणारे अंतर साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. जाहीरनाम्याच्या नशिबीही पुढे तेच आले.

३

जाहीरनाम्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात चार तुलना आहेत. प्रक्रिया आणि साधने यांच्यापेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद यांना, सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालत्या सॉफ्टवेअरला, कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाच्या सहकार्याला आणि आखलेल्या मार्गाने जाण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला त्यात अधिक मोल दिले आहे. पाठोपाठ, ज्या गोष्टींना कमी मोल दिले त्याही निर्मोल नाहीत, असा खुलासा आहे. याला जोडून बारा तत्त्वे दिली आहेत.

या मजकुराचा व्याकरणिक गाभा म्हणजे तरतमभाव. त्यात विधान आहे ते पसंतीचे. वस्तूचे स्वरूप सांगणारे नव्हे. ‘अमक्यापेक्षा तमके अधिक मोलाचे’ या वाक्यावरून मोल देणाऱ्याची वृत्ती कळते, पण तो प्रत्यक्षात काय करतो हे कळत नाही. यामुळे जाहीरनामा वाचून कोणालाही मान डोलावता येते. चालत्या सॉफ्टवेअरपेक्षा कागद अधिक प्रिय आहे असे उघडपणे कोण म्हणेल? जेथे विरोधी पक्ष घेणारा कोणी संभवत नाही तेथे संमतीला फारशी किंमत उरत नाही. या लेखनाचे यश आणि त्याचे वैगुण्य एकाच ठिकाणी आहेत. सतरा भिन्न मतांच्या माणसांना सही करता यावी इतके ते व्यापक आहे, आणि पुढे वाटेल त्याने आपल्या कामावर त्याची मुद्रा उमटवावी इतके ते सैलही आहे.

दुसरेही एक वैगुण्य नमूद केले पाहिजे. त्या बैठकीत जमलेले लोक सॉफ्टवेअर लिहिणारे अथवा त्याविषयी सल्ला देणारे होते. ग्राहकाच्या सहकार्याचा उद्घोष झाला. परंतु ग्राहकाच्या बाजूने बोलणारा तेथे कोणी नव्हता. बदलाचे स्वागत करावे हे तत्त्व ठरले, पण बदलाचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न चार तुलनांत येत नाही. पुढे जे गैरसमज माजले त्यांतील काहींची बीजे या मौनात आहेत.

४

भारतीय न्यायशास्त्रात लक्षणाची कसोटी फार काटेकोर आहे. लक्षणाने वस्तूचा असाधारण धर्म सांगितला पाहिजे आणि ते तीन दोषांपासून मुक्त असले पाहिजे. गाईचे उदाहरण सर्वश्रुत आहे. ‘तांबूस रंगाची ती गाय’ असे म्हटल्यास पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटल्यास म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एकसंध खुराची ती गाय’ म्हटल्यास एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखालची लोंबती पोळी, म्हणजे सास्ना, हे मात्र गाईचे खरे लक्षण मानले गेले. ‘अजाइल’च्या प्रचलित व्याख्यांना हीच कसोटी लावून पाहता येते.

‘झपाट्याने काम करणे’ ही पहिली व्याख्या अतिव्याप्त आहे. धाकदपटशाने, रात्रीचा दिवस करून, तपासणीला फाटा देऊनही काम झपाट्याने होऊ शकते. शिवाय ती मूळ मजकुराशी विसंगत आहे. बारा तत्त्वांत सॉफ्टवेअर लवकर आणि वरचेवर हाती द्यावे असे सांगितले आहे. परंतु कामाची गती मात्र अशी असावी की ती सर्वांना अखंड टिकविता येईल, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. वरचेवर देणे आणि धावत सुटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. टपालवाला रोज येतो. म्हणून तो पळत येतो असे नाही.

‘रोजची सभा, दोन आठवड्यांचे टप्पे, भिंतीवरील रंगीत चिठ्ठ्या’ ही दुसरी व्याख्या विधींची आहे. तिच्यात दोन दोष एकदम आढळतात. हे विधी न पाळणाऱ्या पद्धतीही अजाइल असू शकतात, म्हणून ती अव्याप्त. आणि हे सारे विधी पाळूनही शेवटी दोन वर्षांपूर्वी ठरलेलेच जसेच्या तसे करणारे गट असतात, म्हणून ती अतिव्याप्त. विधी मूळ ग्रंथाला मागे टाकून कसे जगतात याचे उदाहरणही येथे मिळते. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे तीन प्रश्न स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले. सभा उभ्याने घ्यावी असे तर तीत सांगितलेलेच नाही. तरीही कित्येक कचेऱ्यांत ते तीन प्रश्न हजेरीसारखे विचारले जातात. जी सभा सहकाऱ्यांनी आपापसांत कामाची जुळणी करण्यासाठी होती तिला वरिष्ठापुढील रोजच्या झडतीचे रूप येते. कामाच्या आकाराचा अंदाज म्हणून दिलेले गुण कामगाराच्या लायकीचे मोजमाप ठरतात. व्याख्या चुकल्याची शिक्षा अशा रीतीने काम करणाऱ्या माणसाला भोगावी लागते.

‘आराखडा नसणे, कागद नसणे’ ही तिसरी व्याख्या असंभव या दोषाने ग्रासलेली आहे. आराखड्यावाचून पंधरा दिवसांचेही काम ठरविता येत नाही. उलट पाहता अजाइल पद्धतीत आराखडा एकदाच न होता पुन्हा पुन्हा होतो. तेथे नियोजनाचे श्रम वाढतात, कमी होत नाहीत.

पहिल्या आणि तिसऱ्या गैरसमजाला मराठीत भाषेनेही हातभार लावला आहे. या शब्दासाठी ‘चपळ’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु मराठीतील ‘चपळ’ वेगाकडे झुकतो, आणि ज्या संस्कृत ‘चपल’ शब्दापासून तो आला त्यात अस्थिरतेची, चंचलपणाची छटा आहे. ‘चापल्य’ हा तर बहुधा दोषच. एका शब्दात घाई आणि दुसऱ्यात धरसोड! इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ ‘करणे, हाकणे’ या अर्थाच्या धातूत आहे. वळण दिसताच तोल न जाऊ देता वळू शकणे, हा त्याचा येथे अभिप्रेत अर्थ. ‘लवचीक’ हा शब्द जवळचा खरा, पण त्यात वाकविले तर वाकणे आहे; स्वतः पाहून वळणे नाही. एकही प्रतिशब्द पुरेसा नसल्यामुळे रूढ उसना शब्द ठेवून त्याचे लक्षण मराठीत नीट करणे हाच श्रेयस्कर मार्ग दिसतो.

५

असाधारण धर्म शोधण्यासाठी एक साधे कल्पित उदाहरण घेणे उपयुक्त होईल. एखाद्या मराठी ग्रंथालयाला पुस्तकांच्या देवघेवीसाठी सॉफ्टवेअर हवे आहे असे समजावे. जुन्या रीतीप्रमाणे ग्रंथपालांना त्यांच्या सर्व गरजा विचारण्यात येतील, त्यांचे जाडजूड टिपण होईल, त्यावर सह्या होतील, आणि वर्षा-दीड वर्षाने संपूर्ण सॉफ्टवेअर खिडकीवर येऊन बसेल. पहिल्याच दिवशी एक वाचक कुसुमाग्रजांचा कवितासंग्रह मागेल. संगणक ‘असा लेखक नाही’ म्हणून सांगेल, कारण नोंद ‘शिरवाडकर, वि. वा.’ या नावाने आहे. ही गरज टिपणात का आली नाही? खिडकीवरील कारकुनाला ती ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. ती त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली होती की ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच त्याला सुचले नाही. टोपणनाव ऐकताच मूळ नावाच्या कपाटाकडे त्याचे पाय आपोआप वळत असत.

दुसरी रीत अशी की, पहिल्या पंधरवड्यात फक्त एक गोष्ट तयार करावी : वाचकाचा क्रमांक आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहिला की पुस्तक त्याच्या नावावर चढावे. एवढाच तुकडा, परंतु तो खरोखर चालावा. तो त्याच कारकुनाच्या हाती द्यावा आणि तो काय करतो ते पाहावे. तो प्रथम टोपणनावाने शोधू पाहील आणि अडेल. त्या अडण्यातून पुढील पंधरवड्याचे काम ठरेल. कदाचित ज्याला फार महत्त्व दिले होते तो मासिक अहवाल मागे पडेल, आणि टोपणनावांची जोडणी पुढे येईल.

येथे या पद्धतीचे मर्म उघड होते. गरज ही विचारून पूर्णपणे कळणारी वस्तू नाही. चालती वस्तू समोर आल्यावरच तिचा बराचसा भाग प्रकट होतो. हे मान्य केले म्हणजे बाकीचे सारे त्यातून निघते. यास्तव पुढील लक्षण करता येईल : ज्या पद्धतीत सॉफ्टवेअरचा चालता अंश थोड्या थोड्या अंतराने वापरणाऱ्याच्या हाती दिला जातो, आणि त्या वापरातून जे कळेल त्याप्रमाणे पुढील आराखडा बदलण्याचा अधिकार खरोखर वापरला जातो, ती पद्धत अजाइल होय. अगदी सोप्या शब्दांत : थोडे करावे, वापरून पाहावे, आणि कळेल तसे पुढचे ठरवावे.

लक्षणातील प्रत्येक पदाचे प्रयोजन पाहिले पाहिजे. ‘चालता’ हे पद नसते तर नकाशे, चित्रे व प्रगतीचे तक्ते दाखवूनही काम भागले असते. ‘थोड्या थोड्या अंतराने’ हे पद नसते तर वर्षाअखेर एकदाच दिलेले सॉफ्टवेअरही यात मोडले असते. ‘वापरणाऱ्याच्या हाती’ हे पद नसते तर गटाने स्वतःच स्वतःला दाखवून समाधान मानले असते. आणि ‘बदलण्याचा अधिकार खरोखर वापरला जातो’ हे शेवटचे पद तर या लक्षणाची सास्ना होय. मोठे काम तुकड्यातुकड्याने देणे म्हणजे केवळ हप्तेबंदी. हप्ता पाहून पुढचा हप्ता बदलला तरच ती पद्धत अजाइल. त्यामुळे एखादा गट अजाइल आहे काय हे ठरविण्यासाठी त्याच्या सभा मोजण्याचे कारण नाही. मागील तीन महिन्यांत वापरातून काय कळले आणि त्यामुळे आराखड्यातील कोणती गोष्ट गळली वा नव्याने आली, एवढे विचारले तरी पुरे.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, मग २००१ पूर्वीची कित्येक कामेही अजाइल ठरतील. तसे ती ठरतातच. क्रेग लार्मन व व्हिक्टर बासिली यांनी २००३ मध्ये या पुनरावर्ती रीतीचा इतिहास लिहिला. त्यात अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ या अंतराळयोजनेत अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या आवर्तनांनी काम झाल्याची नोंद आहे. लक्षण हा जन्मदाखला नव्हे. नाव मागाहून पडले म्हणून वस्तू मागाहून जन्मली असे होत नाही.

६

लक्षणाची परीक्षा उदाहरणावर होते. अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेचे, म्हणजे एफबीआयचे, दप्तर संगणकावर आणण्याचे काम या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या प्रयत्नात गरजांचे टिपण आठशेहून अधिक पानांचे झाले होते. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ते सॉफ्टवेअर टाकून द्यावे लागले. २००६ मध्ये ‘सेंटिनल’ या नावाने दुसरा प्रयत्न सुरू झाला. त्याचे चार टप्पे ठरले होते. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालानुसार ऑगस्ट २०१० पर्यंत मंजूर ४५.१ कोटी डॉलरांपैकी ४०.५ कोटी खर्च झाले होते आणि चारांपैकी दोनच टप्पे हाती आले होते.

त्या वर्षी संस्थेने कामाची सूत्रे स्वतःकडे घेतली. कंत्राटदाराकडील सुमारे २२० माणसांची संख्या ४० च्या आसपास आणण्यात आली, आणि दोन दोन आठवड्यांच्या आवर्तनांनी काम सुरू झाले. जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सर्वत्र वापरात आले.

ही कथा अजाइलच्या प्रचारकांनी विजयगाथा म्हणून अनेकदा सांगितली आहे. चिकित्सकाने ती थोडी सावकाश वाचली पाहिजे. नव्या पद्धतीनेही काम ठरल्या मुदतीत झाले नाही. २०११ च्या सप्टेंबरची अपेक्षा होती. आधीच्या चार वर्षांत जे उभे राहिले होते त्याचा आधार नव्या गटाला मिळालाच. वापर सुरू झाल्यानंतरही शोधाच्या सोयीविषयी वापरणाऱ्यांची गाऱ्हाणी होती, असे २०१४ च्या अहवालावरून दिसते. म्हणजे अजाइल हे सिद्धौषध नव्हे. परंतु या दोन काळांत एक भेद निश्चित दिसतो. पूर्वी चूक वर्षांनी मोजली जात होती, नंतर ती पंधरवड्यांनी मोजली जाऊ लागली. उशीर झाला; पण तो उशीर झाकला न जाता दिसत राहिला. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत हा भेद लहान नाही.

याच्या उलट, पद्धत चांगली असूनही काम थांबते याचेही उदाहरण आहे. ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ जिच्यात घडली ती क्रायस्लर या मोटार कंपनीच्या वेतनपत्रकाची योजना १९९७ मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. पण ती उरलेल्या साऱ्यांपर्यंत पोहोचली नाही, आणि २००० मध्ये बंद करण्यात आली. वापरणाऱ्याच्या हाती चालता अंश पोहोचला, तरी पुढे काय हवे याबद्दल पैसा देणारा आणि गरज सांगणारा यांच्यात एकवाक्यता नसेल तर पद्धत काही करू शकत नाही. आराखडा बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पद्धतीच्या बाहेर, संस्थेच्या रचनेत सुटावा लागतो.

७

महाराष्ट्रात हा प्रश्न अनोळखी नाही. पुणे व मुंबई येथील फार मोठा सॉफ्टवेअर-व्यवसाय परदेशी ग्राहकांसाठी चालतो. न्यूयॉर्क आणि पुणे यांच्या घड्याळांत ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असते. त्यामुळे तिकडील सकाळची सभा इकडे सायंकाळी वा रात्री पडते. त्या सभेत समोर दिसतो तो बहुधा ग्राहकाचा प्रतिनिधी. सॉफ्टवेअर वापरणारा कारकून, परिचारिका वा भांडारपाल नव्हे. काम जर निश्चित रकमेच्या आणि निश्चित यादीच्या करारावर घेतलेले असेल तर सभा कितीही झाल्या तरी आराखडा बदलत नाही. अशा ठिकाणी लक्षणातील पहिली दोन पदे पाळली जातात आणि शेवटची दोन गळतात. जे उरते ते जुन्या कामाचे लहान लहान तुकडे आणि दर पंधरवड्याला नव्याने येणारी अखेरची तारीख. यात दोष तेथे काम करणाऱ्यांचा नाही. बदलाचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नावर जाहीरनाम्याने जे मौन धरले आणि करारांनी जे आपल्या परीने भरून काढले, त्याचा तो परिणाम आहे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जेथे पुढे काय हवे हे आधीच पक्के ठाऊक आहे, अथवा जेथे एकदा झालेली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही, तेथे वापरून शिकण्याला वाव थोडा. वैद्यकीय उपकरणातील आज्ञा रुग्णावर चालवून पाहून सुधारावयाच्या नसतात. तेथेही चालता अंश लवकर तयार करून प्रयोगशाळेत पारखता येतो. पण मग ‘वापरणाऱ्याच्या हाती’ हे पद सांभाळून वाचावे लागते.

जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सतरांपैकी डेव्ह टॉमस यांनी २०१४ मध्ये अशी तक्रार केली की, मूळ विशेषणाचे नाम झाले आणि त्या नामाची विक्री सुरू झाली. ही तक्रार व्याकरणाच्या अभ्यासकाला विशेष पटण्यासारखी आहे. विशेषणाला विशेष्य लागते. ‘कशाची अजाइल रीत?’ असा प्रश्न त्याच्यामागे उभा असतो. नामाला तसे बंधन नाही. ते विकत घेता येते, त्याची प्रमाणपत्रे वाटता येतात, एखाद्या संस्थेत ते ‘आणले’ असे जाहीर करता येते. म्हणून या शब्दाचे लक्षण करताना ते वस्तूचे न करता कृतीचे करणे आवश्यक होते.

तात्पर्य, ‘अजाइल’ ही वेगाची पद्धत नाही, विधींची नाही आणि निराराखड्याचीही नाही. आधी सर्व काही कळते हा अहंकार सोडून, थोडे करून, वापरणाऱ्याच्या हाती देऊन, त्याच्या अडण्यावरून पुढचे ठरविण्याची ती रीत आहे. तिची परीक्षा करणाऱ्याने सभागृहात न जाता ग्रंथालयाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहावे. तेथील कारकुनाने पंधरवड्यापूर्वी सांगितलेली अडचण आज दूर झालेली असेल, तर त्या कामाला कोणतेही नाव दिले तरी ते अजाइल आहे. आणि ती अडचण तशीच असेल, तर भिंतीवर कितीही चिठ्ठ्या लावलेल्या असल्या तरी ते काम त्या नावाला पात्र नाही.